औषध तेच, कंपनी वेगळी

१४ मे २०२५

पाटीवरचं माझं नाव माझ्यापेक्षा उंच आहे. 'शिवांजली मेडिकल, रहिमतपूर.' आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रंगाऱ्याच्या मागे उभं राहून ते काढून घेतलं. एकवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, अक्षर जरा तिरकं गेलं तर त्यांना जेवण जायचं नाही.

दुकान उघडून सहा दिवस झाले. पहिल्या दिवशी दोन माणसं आली. एकानं दवाखान्याचा पत्ता विचारला, दुसऱ्यानं मोबाइल जरा चार्जिंगला लावू का म्हणून विचारलं. आण्णा बाहेर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करतात. मी म्हटलं, "आण्णा, आवं, लोकांना वाटंल आत काय भरती चाललीय." तर म्हणाले, "भरतीच म्हण. गिऱ्हाइकाची."

ही वही मीच मला भेट दिली. यात खरं लिहायचं. तर खरं हे, की काल एक आजोबा मला "डॉक्टर" म्हणाले आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही.

११ जून

आज पहिलं असं गिऱ्हाईक आलं, जे कायमचं होईल.

रंगुबाई. साठीच्या असतील. औंध रस्त्याला धनगरांची वस्ती आहे, तिथल्या. परवाच मेंढरं कोकणातून परत आलीत. कपाळावर गोंदण, पायात जाड वहाणा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा. काचबिंदू.

"दुकत न्हाई, खुपत न्हाई," त्या म्हणाल्या. "निस्तं बाजूचं दिसंना झालंय. माणूस श्येजारी एकदम उगावल्यागत वाटतंय. माज्या भावाचं, जोतिबाचं, असंच झालं हुतं. त्यो म्हनायचा वयामुळं हाय. आता दोनी डोळ्यांनी काय बी न्हाई."

कागदावर थेंबांचं नाव होतं, दिवसातून दोनदा, दोन्ही डोळ्यांत. नावापुढे 'पीएफ' आणि त्याखाली पेनानं दोन रेघा. म्हणजे बाटलीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं. ते माझ्याकडे नव्हतं. साताऱ्याच्या होलसेलवाल्याला फोन केला. म्हणाला, त्याला मागणी नाही, आठ-दहा दिवस लागतील, तेही नक्की नाही. काचबिंदूचं औषध आठ दिवस थांबवायचं? मी तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं, साध्या बाटलीतलं दिलं.

"औषध तेच, कंपनी वेगळी," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "म्याडमनं दोन रेगा वडल्यात. तवा काय तरी आसंल की गं."

"डॉक्टर लोकांच्या कंपन्या ठरलेल्या असतात, मावशी."

हे वाक्य कॉलेजात असताना एका दुकानदाराच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा तो मला आवडला नव्हता. आज माझ्या तोंडात ते अगदी फिट्ट बसलं.

थेंब कसे टाकायचे ते दाखवलं. खालची पापणी ओढायची, एकच थेंब, मग नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा. त्यांनी लगेच उचललं. हात जरासुद्धा हलला नाही.

३ जुलै

रंगुबाई दुसऱ्या बाटलीला आल्या. ती पीएफवाली होलसेलवाल्याकडे आलीच नाही. मीही मधे विचारलं नाही. साधीच दिली.

"झोंबतंय गं लय. मिरची गेल्यावानी."

"झोंबतंय म्हणजे लागतंय. चुकवायचं नाही हं, मावशी. एक दिवससुद्धा."

"न्हाई चुकवत. जोतिबाचं बगितलंय म्या."

चांगली पेशंट.

२४ जुलै

गेले पंधरा दिवस पाऊस आणि ताप-खोकल्याची रांग. लिहायला जमलं नाही. दुकान चालायला लागलंय.

रंगुबाईंचे डोळे लाल. वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणाल्या. त्यांचं खोपट बघितलं नाही, पण चूल घरातच असणार. धूर. शिवाय लोकर, धूळ. मी ओलावा देणारे थेंब दिले, 'डोळ्यातलं पाणी' म्हणतात ते. दिवसातून चार वेळा. "यानं गार वाटंल," म्हटलं. त्या वस्तीवरच्या दोघी जणींनाही बरोबर घेऊन आल्या होत्या, त्यांची गुडघ्याची मलमं घेतली. "हितं घ्या. पोरगी समजावून सांगती," असं त्यांना म्हणाल्या.

सांगलीहून मायाचा फोन आला. आम्ही कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसायचो. आता ती तिथल्या मोठ्या होलसेलवाल्याकडे आहे. मी फुशारकीनं रंगुबाईंचं सांगितलं. ती म्हणाली, "पीएफ का लिहिलं होतं, विचारलंस?" मी म्हटलं, "अगं, काउंटरला चार माणसं उभी असतात." मग आम्ही तिच्या लग्नाच्या साडीवर बोलत बसलो.

१३ ऑगस्ट

रंगुबाई. पाणी वाहतंय, उजेड सोसत नाही, पदर डोळ्यांवर ओढूनच आल्या. ओलाव्याचे थेंब चार वेळांवरून सहा वेळा केले. काचबिंदूचं चालूच.

त्या गेल्यावर आण्णा स्टुलावरून म्हणाले, "त्या बाईचं डोळं काय बरं दिसंना, शिवे."

"आण्णा, मी शिकलेय हे."

"मी कुटं न्हाई म्हनतोय?" आणि ते रस्त्याकडे बघत बसले. मी उगाच तोडून बोलले. पण रोज कोणी ना कोणी मला माझं काम शिकवतं. बाई आहे म्हणून, लहान आहे म्हणून. निदान आण्णांनी तरी नको.

५ सप्टेंबर

गणपती उठायला आले, आणि आज एक भांडण.

रंगुबाईंची सून आली, मंगल. तिशीची असेल, बारीक, बोलायला कडक. कमरेला लहान पोर.

"ताई, आत्याबाईंचं औशिद बंद करनार हाय आमी."

मी काउंटरवरून जवळजवळ उडालेच. "काचबिंदूचं औषध बंद? डोळे जातील त्यांचे! त्यांच्या भावाचं काय झालं माहीत नाही का तुम्हाला?"

"म्हाईत हाय. पर तेस्नी दिस उगावला की ताप. कोपऱ्यात तोंड करून बसत्यात. भाकर थापाया गेल्या तर तव्यावर हात पडला परवा. आवं ताई, रोग दुकतच न्हवता की. औशिद दुकतंय."

मग मी आवाज चढवला. उत्तर नसलं की मी तेच करते. औषध चुकवलं तर जबाबदारी तुमची, असं म्हणाले. ती पोराला सावरून निघून गेली.

मी बरोबरच होते. काचबिंदूचं औषध बंद करायचं नसतं, हे कुठल्याही पुस्तकात आहे.

तव्यावर हात पडला.

६ सप्टेंबर

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मायाला फोन केला. सगळं सांगितलं, म्हणजे या वेळी सगळं.

"शिवा, पीएफ कशासाठी असतं हे तिसऱ्या वर्षाला तूच मला शिकवलं होतंस. परीक्षेच्या आदल्या दिवशी."

"हो."

"ओलाव्याचे थेंब कुठले दिलेस? त्यात काय आहे बघ."

दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली. आतला कागद उलगडला, तो इतक्या बारीक अक्षरात असतो की मी आजवर एकाही गिऱ्हाइकाला वाचून दाखवलेला नाही. दोन्हींत तेच. बाटली उघडल्यावर औषध नासू नये, जंतू होऊ नयेत म्हणून घालतात ते रसायन. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांचा डोळा आधीच कोरडा, खरवडलेला असतो त्यांच्या बुबुळावरची पातळ कातडी ते हळूहळू सोलत नेतं. म्हणून त्या रेघा होत्या.

दोन वेळा औषधातून, जूनपासून. आणि आधी चार, मग सहा वेळा मी दिलेल्या उपायातून. जुलैपासून. लाल झालं की मी अजून दिलं. आग विझवायला ज्या बादलीतून पाणी ओतत होते तिच्यात पाणीच नव्हतं.

दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या कापल्या. एका बाईला खोकल्याचं औषध देताना पैसे घ्यायचेच विसरले, तिनं विचारलं, "बरं न्हाई का?"

खरं लिहायचं ठरलंय, तर हेही. दुपारी मला वाटलं, नुसती बाटली बदलून द्यावी. "नवीन कंपनी आलीय, मावशी, ही बरी आहे." डोळे बरे होतील. कुणाला काही कळणार नाही. हा विचार चांगला तासभर माझ्याजवळ बसला होता आणि मी त्याला ऊठ म्हटलं नाही.

८ सप्टेंबर

सांगलीला जाऊन आले. काल रविवार, मायाचं गोदाम बंद होतं, म्हणून आज सकाळची गाडी धरली. कराडपर्यंत उभीच होते. माया स्टेशनवर आली होती, पिशवीत पीएफच्या चार बाटल्या आणि ओलाव्याचे पीएफ थेंब. चहा पाजला. गाडी हलताना खिडकीशी आली आणि म्हणाली, "नुसत्या बाटल्या नेऊ नकोस. त्यांना डॉक्टरकडे ने. आणि तूच ने."

माझ्या तासाभराच्या विचाराबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं?

९ सप्टेंबर

दुपारी आण्णांना दुकानात बसवून स्कूटीवर वस्तीवर गेले. खोपटात चूल नाही. बाहेर, छपराखाली, चांगली मोकळ्यावर आहे. आणि मी दीड महिना धुराला दोष देत होते.

रंगुबाई आतल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून घोंगडं घेऊन बसल्या होत्या. मोबाइलची बॅटरी लावून बघू लागले तर "आगं आई गं!" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. जेवढं दिसलं तेवढं पुरे होतं. बुबुळावर वाफ धरल्यासारखं.

मंगलनं चार दिवसांपूर्वी बाटली चुलीत घातली होती. म्हणजे चार दिवस डोळ्यातला दाब उतरवणारं काचबिंदूचं औषधही नाही. तिनं जे केलं त्याला निम्मी जबाबदार मी होते.

मुलगा धनाजी मेंढरांकडे होता. मी म्हटलं, उद्या मी तुम्हाला साताऱ्याला नेते. रंगुबाई म्हणाल्या, "तू कशाला तरास घेतीस, पोरी? दुकान हाय तुजं."

चूक माझीच, हे तोंडाशी आलं होतं. बाहेर पडलं नाही. "सकाळी आठला येते," एवढंच म्हणाले.

१० सप्टेंबर

सगळं नीट लिहिते.

एसटीत रंगुबाई खिडकीच्या उन्हाला पाठ करून बसल्या. मंगल पोराला घेऊन मागे. डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, बोलणं थोडं. त्यांनी कागद बघितला, डोळे बघितले आणि विचारलं, "मी लिहिलेलंच औषध घालताय ना?"

रंगुबाई म्हणाल्या, "व्हय. ही पोरगी देती."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी नात्यातली कोणी असेन असं त्यांना वाटलं असावं.

मी म्हटलं, "नाही. तुम्ही पीएफ लिहिलं होतं. माझ्याकडे नव्हतं, मी साधं दिलं. तीन महिने. लाल झालं तेव्हा ओलाव्याचे थेंब दिले, तेही साधे. सहा वेळा. माझं मेडिकल आहे. चूक माझी आहे."

मंगलचं पोर माझी ओढणी ओढत होतं.

डॉक्टरांनी रंगुबाईंना मान मागे करायला सांगितली. डोळ्यांत पिवळं औषध सोडलं आणि निळा दिवा लावून यंत्रातून बघितलं. मग मला म्हणाल्या, "या. बघा." ती शिक्षा होती की शिकवण, मला अजून कळलं नाही. बुबुळाच्या काचेवर हिरवे ठिपके. जोंधळा सांडावा तसे, मधोमध तर एकात एक मिसळलेले. जिथे जिथे ठिपका, तिथे वरची कातडी गेलेली. जून, जुलै, ऑगस्ट.

डोळ्यातला दाब सत्तावीस; एकवीसच्या आत हवा. पहिल्यांदा आल्या तेव्हा होता त्यापेक्षा जास्त.

डॉक्टर रंगुबाईंना सोप्या भाषेत सांगू लागल्या. डोळ्याला दोन दुखणी आहेत. एक आतलं, काचबिंदूचं, ते दुखत नाही पण नजर खातं. दुसरं वरचं, ते बाटलीमुळं झालंय. ती टिकावी म्हणून तिच्यात जे घालतात, त्यामुळं.

रंगुबाई सगळं ऐकून घेत होत्या. मग सरळ माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "म्हंजी बाटली टिकावी म्हनून माजं डोळं नासलं व्हय?"

मी "हो" म्हटलं.

वरचं बरं होईल, डॉक्टर म्हणाल्या. कातडी परत येते, दीड-दोन महिने लागतील. आतलं जे गेलंय ते येणार नाही, पण आहे ते राखता येईल. सगळे जुने थेंब बंद. आता फक्त पीएफ. दोन आठवड्यांनी परत. वरचं भरलं की लेझर करून बघू, दाब उतरला तर थेंबच कमी लागतील.

"दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकनात जायाचं हाय मला," रंगुबाई म्हणाल्या.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं न्हाई, म्याडम. धनाला एकल्याला जमत न्हाई आन मंगलच्या कडंला पोर हाय. म्या न्हाई गेले तर मेंढरं इकावी लागत्याल. आताच सांगा."

डॉक्टर पहिल्यांदा जरा हसल्या. "थेंब चुकवले नाहीत तर सांगते."

येताना एसटीत रंगुबाई मंगलशेजारी बसल्या. रहिमतपूरला उतरल्यावर मी सांगलीच्या बाटल्या पुढे केल्या. मंगलनं घेतल्या. रंगुबाई पुढे निघून गेल्या होत्या.

११ सप्टेंबर

आण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, शाबास, खरं बोललीस. फौजी माणूस. तर त्यांचा चेहरा उतरला. "डाक्टरीणीफुडं सांगायची काय गरज हुती, शिवे? गुमान औशिद बदलून द्याचं. पाटीवर नाव हाय तुजं."

म्हणजे तो तासभराचा विचार मला कुठून आला ते कळलं. पण राग नाही आला. ते स्टुलावर बसले होते आणि त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

१९ सप्टेंबर

वस्तीवरचं कोणी येत नाही. गुडघ्याच्या मलमवाल्या दोघी समोरून गेल्या, त्यांनी पदर सावरला आणि पलीकडच्या मेडिकलात शिरल्या. बोलणं पसरलंय. एकानं तोंडावर विचारलं, "हितलं औशिद घिऊन बाईचं डोळं गेलं म्हनं?" मी म्हटलं, "गेले नाहीत. दुखावलेत. आणि हो, माझ्यामुळे." तो गोंधळला. त्याला बहुतेक 'नाही' हे ऐकायचं होतं. सर्दीची गोळी मात्र घेऊन गेला.

रोज एक ठरवलंय. ज्या औषधाच्या जागी दुसरं देते, त्या प्रत्येकाच्या डॉक्टरला आधी फोन. आज तीन फोन केले. एक डॉक्टर वैतागले. दोघे म्हणाले, चालेल.

आण्णा हल्ली सकाळ-संध्याकाळ औंध रस्त्याला फिरायला जातात. गुडघे दुखतात म्हणून घरात बोंब असते, आणि हा माणूस दोन-दोन मैल चालतोय. "मोकळी हवा," म्हणे. काल वहाणांना लेंड्या चिकटलेल्या होत्या. आई ओरडली. मी म्हटलं, हवा जरा जास्तच मोकळी दिसतेय.

२५ सप्टेंबर

रंगुबाई धनाजीबरोबर साताऱ्याला जाऊन आल्या. मला बोलावलं नाही. मी संध्याकाळी डॉक्टर मॅडमना फोन केला, घाबरतच. त्यांनी सांगितलं, ठिपके निम्म्याहून कमी झालेत. दाब एकवीस. "थेंब अगदी वेळेवर जातायत. वस्तीवर कोणीतरी घड्याळ लावून टाकतंय त्यांना."

मंगल असणार. मी तिच्यावर ओरडले होते.

७ ऑक्टोबर

दुपारची तीनची वेळ. दुकानात मी एकटी. पदर डोळ्यांवर नाही, मान ताठ, अशा रंगुबाई आत आल्या. माझ्या हातातली कात्री खाली पडली.

त्यांनी पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवला. मग बाटली ठेवली. मग खोकं. मग खोक्यातला तो घडीचा कागद.

"वाच."

"काय, मावशी?"

"समदं. बारीक बी."

मी वाचलं. इंग्रजीतून मराठीत सांगत सांगत. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्या म्हणाल्या, "थांबा जरा, माजं चाललंय." नाव, ताकद, किती दिवस टिकतं, काय झालं तर डॉक्टरकडे जायचं. कुठे मी भरभर पुढे गेले की काउंटरवर बोट आपटायच्या. पाऊण तास लागला.

"आन बाटली टिकायचं ह्यात काय हाय?"

"काही नाही. म्हणून उघडल्यावर लिहिलेली मुदत संपली की टाकून द्यायची."

"आसं लिवलंय?"

"हे काय. इथं."

त्यांनी पुन्हा डॉक्टरांच्या कागदाकडे बोट नेलं. "आन ह्या रेगावरचं. ह्ये काय?"

"पी. आणि एफ."

"कसं काडत्यात?"

मी गोळ्यांच्या पाकिटावर मोठं काढून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी स्वतः काढलं. पी बरा आला. एफचा एक हात खाली घसरला. सही न येणारी बाई साठाव्या वर्षी ही दोन अक्षरं शिकत होती, कारण तिला वाचता येत नाही याच्या भरवशावर मी कंपनीची थाप मारली होती.

मी म्हटलं, "मावशी, मला माफ..."

"ते ऱ्हाऊ दे," त्या मधेच म्हणाल्या. "माजा राग गेल्याला न्हाई. जाईल तवा जाईल. पर डाक्टरीणीफुडं तू खरं बोललीस. त्या पलीकडच्या दुकानात म्या तीन येळा इचारलं, ह्यात काय हाय म्हनून. त्यो म्हनतो, आज्जी, औशिद त्येच हाय."

जाताना दारातून वळून म्हणाल्या, "आन तुज्या बापाला म्हनावं, थेंब टाकताना एवडं दाबू नगं. बंदूक न्हाई ती."

म्हणजे आण्णांची औंध रस्त्यावरची मोकळी हवा ती ही.

आण्णा संध्याकाळी आले. वहाणा बाहेर काढायला सांगितल्या आणि चहा टाकला.

१६ ऑक्टोबर

डाव्या डोळ्याचं लेझर झालं. या वेळी मला बरोबर नेलं. दहा मिनिटं लागली. रंगुबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "हिरवं हिरवं झळकलं, बास. येवड्यासाटी उपाशी आल्ते म्या." उपाशी यायला कोणी सांगितलंच नव्हतं. एसटी स्टँडवर दोघींनी मिळून भजी खाल्ली. मंगल आता माझ्याशी बोलते, पण 'ताई' म्हणण्याआधी जराशी थांबते. थांबू दे.

२७ ऑक्टोबर

दिवाळीत चार दिवस बंद होतं. आज गुडघ्याच्या मलमवाल्यांपैकी एक आली. तिनं मलम घेतलं, मग म्हणाली, "रंगुबाईगत वाचून दाव." वाचून दाखवलं. त्यात एवढंच होतं की जखमेवर लावू नका. ती समाधानानं गेली.

उजव्या डोळ्याचं लेझर गुरुवारी. मग तीन आठवड्यांनी दाब बघायचा. मेंढरांचा निघायचा दिवस त्यासाठी धनाजीनं पुढे ढकललाय. वस्तीवरची बाकीची खांडं, मेंढरांचे कळप, गेलीसुद्धा. म्हणजे दाब उतरला नाही तर सगळंच अडणार. हे कोणी बोलत नाही.

२० नोव्हेंबर

सोळा आणि सतरा!

मी यंत्राच्या मागेच उभी होते, आकडा मीच आधी बघितला. डॉक्टर मॅडमनी पिवळं औषध घालून निळा दिवा लावला आणि पुन्हा म्हणाल्या, "या. बघा." काच. नुसती स्वच्छ काच. कडेला दोन-तीन ठिपके होते, तेवढेच.

थेंब आता दिवसातून एकदाच. डॉक्टरांनी सांगितलं, लेझरचा गुण कायमचा धरून चालायचं नाही, काही वर्षांनी उतरू शकतो, दर तीन महिन्यांनी कुठेही असलात तरी दाब बघायचा. चिपळूणच्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

"मंग जाऊ न्हवं?" रंगुबाई म्हणाल्या.

"जा."

रंगुबाईंनी वाकून त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, डॉक्टर मागे सरकल्या, मधे खुर्ची आली आणि दोघींची डोकी आपटली. मी इतकी हसले की रडू आलं.

२४ नोव्हेंबर

आज सकाळी मेंढरं निघाली. गावाबाहेरच्या माळावर रात्रीची बसवली होती. मी सातलाच गेले. पुरतील एवढ्या बाटल्या, प्रत्येकीवर उघडायची तारीख लिहायला कोरी चिठ्ठी, आणि माझा नंबर मोठ्या अक्षरांत. आण्णा बरोबर आले आणि सरळ धनाजीकडे जाऊन घोड्यावर सामान नीट बांधलंय का ते तपासू लागले.

थंडी होती. धुकं उठत होतं. सत्तर-ऐंशी मेंढरं, सगळी काळी-करडी, सगळ्यांची तोंडं खाली. मधून मधून नवी कोकरं. मला तर एक मोठं घोंगडं हलतंय असं दिसत होतं. मंगल पोराला पाठीशी बांधत होती.

रंगुबाईंनी बाटल्या घेतल्या, एक एक फिरवून वरची अक्षरं बघितली आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या. मी काहीतरी बोलणार होते, तब्येत सांभाळा वगैरे. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून पार माळाच्या टोकाला बघत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आरं ये धना!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मी दचकले. "त्या बांदाला बग! ते कोकरू चुकीच्या आईला लुचतंय रं! ती लाथ मारंल तेला! तेची आई हिकडं हाय, चिंचंखाली!"

मी बांधाकडे बघितलं. चिंचेखाली बघितलं. काही कळलं नाही. धनाजीलाही लगेच दिसलं नसावं, तो दोनदा इकडे तिकडे फिरला. "डावीकडं, आरं डावीकडं," रंगुबाई ओरडत राहिल्या. शेवटी त्यानं एक कोकरू उचललं, काखेत धरून कळपातून वाट काढत चिंचेखाली आला आणि तिथल्या एका मेंढीपुढे सोडलं. तिनं हुंगलं. कोकरानं खालून जोरात ढुशी मारली आणि त्याची शेपटी हलायला लागली.